आधी कोठार की आधी आश्चर्य?

मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आधी मी हसले. मी पडले कॉन्व्हेंटची. अजूनही कुणी ‘एकोणऐंशी’ म्हटलं की मला मनातल्या मनात इंग्रजीत मोजून बघावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात ही पहिली विनंती, आणि विषय बघून सर-मॅडमनी लगेच पान उलटू नये ही दुसरी.

विषय आहे कॉम्प्युटर गेमचा. ‘सिव्हिलायझेशन फाइव्ह’. हा २०१० साली आला. त्यानंतर सहावा भाग २०१६ मध्ये आणि सातवा २०२५ मध्ये आला, पण आमच्या रूमवरचा लॅपटॉप पाचव्याच्या पुढे जायला तयार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बुद्धिबळासारखी एकेकाची पाळी असते. इसवी सनापूर्वी ४००० साली तुमच्याकडे एक छोटीशी टोळी असते. तिथून गावं वसवायची, शेती करायची, शोध लावायचे आणि जमलं तर अवकाशयान सोडायचं. एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने खेळता येतं, त्याला हॉट-सीट म्हणतात. मी आणि माझी रूममेट असंच खेळतो. तिची पाळी चालू असताना मी जर्नल लिहिते, माझी चालू असताना ती कपडे धुवून येते.

तर या गेममध्ये ‘वंडर्स’ असतात, म्हणजे जगातली आश्चर्यं. पिरॅमिड, ताजमहाल, चीनची भिंत वगैरे. प्रत्येक वंडर अख्ख्या जगात एकदाच बांधता येतं. जो पहिला पूर्ण करेल त्याचं. तुमचं एका टर्नचं काम उरलेलं असताना दुसऱ्याने ते पूर्ण केलं तर तुमची मेहनत गेली. सांत्वन म्हणून थोडं सोनं हातावर ठेवतात. आणि वंडर पैसे देऊन विकत घेता येत नाही. लायब्ररी घेता येते, कोठार घेता येतं, वंडर नाही!

माझ्या शाळेच्या भिंतीवर प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांचा तक्ता होता. बॅबिलॉनच्या झुलत्या बागा, ऱ्होड्सचा पुतळा, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे गेममध्ये ती नावं दिसली की हात आपोआप तिकडे जायचा. एकदा तर मी तीन तिरंदाजांच्या जिवावर झ्यूसचा पुतळा बांधला. त्याचा फायदा एकच, दुसऱ्याच्या शहरावर हल्ला करताना पंधरा टक्के जास्त ताकद. मी अख्ख्या गेममध्ये कुणावरही हल्ला केला नाही.

रूममेट परभणीची. घरी शेती. तिने कधी कुठला तक्ता पाठ केला नव्हता. ती माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, “अगं, आधी माणसांना खायला तर घाल! पुतळा कुठं पळून चाललाय?” मी तिला समजावलं की बाई, पुतळाच तर पळून जातो, दुसरा कुणी बांधून मोकळा होतो. तिला ते काही पटलं नाही. तो गेम तीच जिंकली.

आता माझं मत. सगळ्यात जास्त नवशिक्यांना बुडवणारं वंडर म्हणजे ग्रेट लायब्ररी, अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय. त्याला लागतात १८५ हातोडे (उत्पादन हातोड्यांत मोजतात). मिळतं काय? एक शोध फुकट, एक साधी लायब्ररी फुकट आणि थोडं विज्ञान. ऐकायला झकास आहे. पण सुरुवातीला राजधानीतून टर्नला आठेक हातोडे निघत असतील तर हिशोब करा, तेवीस-चोवीस टर्न गेले. तेवढ्यात काय झालं असतं? नवं गाव वसवणारी तुकडी १०६ हातोड्यांना आणि साधी लायब्ररी ७५ ला. एकूण १८१. म्हणजे त्याच किमतीत एक अख्खं दुसरं गाव आणि पहिल्या गावात लायब्ररी! (तुकडी तयार होईपर्यंत शहराची लोकसंख्या वाढत नाही हे खरं आहे, रूममेट हे कबूल करत नाही.) आणि हे दुसरं गाव कुणी तुमच्या आधी ‘पूर्ण’ करत नाही. जागा मात्र बळकावू शकतात, तो वेगळा विषय.

वंडर काय देतं हे गेममध्ये लिहिलेलंच असतं. त्या वीस टर्नमध्ये काय बांधलं गेलं नाही हे कुठेच लिहिलेलं नसतं. माझं सगळं खेळणं या न लिहिलेल्या ओळीमुळे बदललं.

यावर आमच्या मजल्यावरची एक सीनियर म्हणेल, मी तर दर वेळी ग्रेट लायब्ररी बांधते आणि जिंकते. बरोबर आहे, कारण ती प्रिन्स लेव्हलवर खेळते. प्रिन्स म्हणजे आपली दहावी. थोडा अभ्यास केला की सगळंच मिळतं: स्कॉलरशिपही, चित्रकलेची ग्रेडही, गॅदरिंगमधलं बक्षीसही. मग माणूस इमॉर्टल किंवा डीटी लेव्हलवर जातो. तिथे कॉम्प्युटरला सुरुवातीलाच काही शोध फुकट मिळालेले असतात, आणि तुमची लायब्ररी अर्धी होते ना होते तोच बातमी येते की दूर कुठल्यातरी देशात ती बांधून झाली.

दुसऱ्या वर्षी माझं नेमकं हेच झालं. तिसऱ्या सेमिस्टरला रोबोटची टीम, क्विझ, फेस्टिव्हलची कमिटी आणि एक पेपर प्रेझेंटेशन, चारही एकदम चालू. रोबोट स्पर्धेच्या आदल्या रात्री चालेना झाला. पेपर दुसऱ्या फेरीत गेला नाही. आणि एम-थ्रीला केटी लागली. घरी फोनवर सांगताना मी आईला आधी सर्टिफिकेटांबद्दल सांगितलं. सहभागाची तीन सर्टिफिकेट्स, छान जाड कागदावर. म्हणजे तेच ते सांत्वनाचं सोनं. आई म्हणाली, “ते राहू दे, गणिताचं काय झालं?”

असो. तर रूममेटचं म्हणणं असं की वंडर बांधूच नयेत. हे मला अजिबात मान्य नाही. काही वंडर्स नावासाठी नव्हे, तर तुमच्या जमिनीसाठी असतात. माचू पिक्चू जवळ डोंगर असल्याशिवाय बांधताच येत नाही. आणि पेट्राला वाळवंटच लागतं.

पेट्राबद्दल मी तासभर बोलू शकते. गेममध्ये वाळवंटाचं घर म्हणजे शून्य. अन्न नाही, हातोडा नाही. वाळवंटातल्या टेकडीवर दोन हातोडे मिळतात, पण अन्न शून्य, आणि प्रत्येक माणसाला टर्नला दोन अन्न लागतं, त्यामुळे तिथे कुणाला कामाला पाठवणं परवडत नाही. म्हणून सगळे वाळवंट टाळतात. पेट्रा २५० हातोड्यांचं. ते झालं की त्या शहराच्या प्रत्येक वाळवंटी घराला (नदीकाठची गाळाची घरं सोडून) एक अन्न, एक हातोडा. अशी आठ घरं कसली तर दर टर्नला आठ अन्न आणि आठ हातोडे वाढतात. तुलनेला माझ्या लाडक्या झुलत्या बागा फक्त सहा अन्न देतात. शिवाय वाळवंटाकाठी गाव नसलेला पेट्रा बांधूच शकत नाही, म्हणजे शर्यतीत गर्दी कमी. हिशोबाला उभं राहणारं वंडर ते हे!

रूममेटने विचारलं, “पण खऱ्या पेट्रात पाणी कुठून आणलं?” मी शोधून काढलं. पेट्रा जॉर्डनमध्ये आहे, नाबातियन लोकांचं शहर. त्यांनी खडकात चर आणि टाक्या खोदून पावसाचं पाणी साठवलं होतं. ती बराच वेळ ते फोटो बघत बसली. नंतर म्हणाली, “म्हणजे हे कोठारच झालं की. पाण्याचं.” यावर मला काही उत्तर सुचलं नाही.

नोत्र दामवरही माझा राग नाही. दहा आनंद म्हणजे आणखी दोन-तीन गावांची सोय. चीनची भिंत मात्र डायनामाइटचा शोध लागला की निकामी होते, ती मी सोडून दिली. ताजमहालाने सुवर्णयुग सुरू होतं, पण खरं सांगायचं तर मी तो फक्त बघायला बांधते. एवढी सूट मला द्या. आणि वेरूळचं कैलास लेणं पाचव्या भागात नाही, ही माझी कायमची तक्रार आहे. अख्खा खडक वरून खाली कोरत आणलाय! त्याला डोंगराची अट घातली असती आणि दगडाच्या खाणी असलेल्यांना बोनस दिला असता तर काय बिघडलं असतं?

एम-थ्री मागच्या परीक्षेत सुटला. या सेमिस्टरला मी रोबोटची टीम ठेवली, बाकी तिन्ही सोडलं. क्विझवाले अजून रागावलेत.

रूमवरचा आत्तापर्यंतचा निकाल: रूममेट पाच, मी दोन. ते दोन्ही पेट्राचे. आता तिने वाळवंट दिसलं की मुद्दाम तिथे गाव वसवायला सुरुवात केलीय, बांधत काही नाही, नुसतं मला येऊ देत नाही.