आधी सुविधा, मग परवानगी

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : कल्याण-डोंबिवलीतील 27 गावांचे नियोजन एकाच यंत्रणेकडे सोपवणे व सुविधांची खात्री झाल्याशिवाय मोठ्या गृहसंकुलांना परवानगी न देणे.

महोदय,

कल्याण-शिळ रस्त्यालगतच्या कित्येक सोसायट्या टँकरवर जगतात. रात्री उशिरा टँकर आला की पंप सुरू होतो आणि अर्ध्या तासात उद्याचे पाणी पिंपात भरून घ्यावे लागते. शेजारच्या भूखंडावर मात्र नव्या टॉवरचा पाया खणणे चालूच असते. परवानगी एक यंत्रणा देते, पाणी दुसरी, रस्ता तिसरी. मग जाब कोणाला विचारायचा?

कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 साली स्थापन झाली तेव्हा ही 27 गावे तिच्यात होती. 2002 मध्ये ती वगळली, 2015 मध्ये परत घेतली. 2020 मध्ये त्यांतील 18 गावे वेगळ्या नगरपरिषदेसाठी काढली, तो निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. त्यातच 27 पैकी दहा गावांवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) विकास केंद्राचा आराखडा. हद्दीचा हा घोळ चालू असताना बांधकामे मात्र होतच राहिली. बनावट परवानग्या दाखवून महारेरात (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेल्या कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारती पाडण्याचा आदेश 2024 मध्ये न्यायालयाने दिला. कर्ज काढून तिथे घर घेणाऱ्यांचा यात काय दोष?

कचऱ्याची विल्हेवाट लागत नाही म्हणून 2015 मध्ये कल्याण-डोंबिवलीत, तर पाणी नाही म्हणून 2017 मध्ये ठाण्यात घोडबंदर पट्ट्यात नव्या बांधकामांना न्यायालयानेच लगाम घातला होता. नियोजनकर्त्यांनी करायचे काम न्यायालयाला करावे लागले, हे शासनाला भूषणावह नाही.

म्हणून आमची ठाम मागणी आहे की, 27 गावांसाठी एकच नियोजन प्राधिकरण कायमचे ठरवावे. पाणी कोठून, किती आणि कधी मिळणार, याची लेखी हमी पाणीपुरवठा यंत्रणेने दिल्याशिवाय कोणत्याही मोठ्या संकुलाला बांधकाम परवानगी देऊ नये. दिलेली प्रत्येक परवानगी कोणालाही पडताळता येईल अशी जाहीर करावी. 65 इमारतींतील फसवल्या गेलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा निर्णय व्हावा.

रेल्वेचा विचारही या गावांच्या नियोजनात हवा. 9 जून 2025 रोजी दिवा-मुंब्रादरम्यान गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले. नवी संकुले उभी राहतील तसे त्याच गाड्यांत आणखी माणसे चढणार आहेत.

या मागण्यांवर रहिवाशांच्या उपस्थितीत बैठक घेऊन लेखी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपले,
डोंबिवली पूर्व व 27 गावांतील रहिवासी

प्रत : मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका