आकडा यंत्राचा, शोध माणसाचा

आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने कर्ज काढून जुनी चारचाकी घेतली आहे. लग्नसराईत आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना तो ती भाड्याने चालवतो आणि त्यावर पाच माणसांचे घर चालते. मध्यंतरी गाडी हिसके देऊ लागली. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. बाहेरगावच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला, तेव्हा पडद्यावर ‘पी ०३०१’ असा आकडा आला. “इंजेक्टर बदलावा लागेल, कॉम्प्युटरच सांगतोय,” असे म्हणून त्यांनी काही हजारांचा अंदाज हातात दिला. कॉम्प्युटरचे नाव ऐकताच आपला माणूस गप्प बसला. आम्ही त्याला म्हटले, “पैसे भरण्याआधी नातेपुत्याच्या मिस्त्रींना एकदा दाखव.”

रविवार होता, म्हणून आम्हीही सोबत गेलो. मिस्त्रींची शाळा सातवीतच सुटली. पण त्यांनी मोबाईलवर चालणारा छोटा स्कॅनर घेतला आहे. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो बसवला. आकडा तोच आला. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, पहिल्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, एवढंच हा सांगतो. का पेटत नाही, ते सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, नाहीतर कॉम्प्रेशन गेलं असेल.”

मग त्यांनी पहिल्या सिलेंडरची कॉइल दुसऱ्याला आणि दुसऱ्याची पहिल्याला लावली. जुना आकडा पुसला, फलटण रस्त्याला एक छोटी फेरी मारली आणि पुन्हा स्कॅनर लावला. आता आला ‘पी ०३०२’, म्हणजे दुसरे सिलेंडर! कॉइलबरोबर दोषही सरकला होता. कॉइल बदलली, गाडी सुरळीत झाली. इंजेक्टर चांगलाच होता.

आम्ही पेशाने कारकून. तेरीज जुळली नाही, तर संगणक फरकाची रक्कम दाखवतो. चूक कोणत्या पावतीत आहे, ते आपल्यालाच शोधावे लागते. गाडीचेही तसेच.

ही पद्धत आता टाळता येणार नाही. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना हे ठराविक सॉकेट आणि ठराविक आकडे सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकीतही दोष नोंदवणारी यंत्रणा आली. मात्र हे आकडे म्हणजे काही गुप्त विद्या नव्हे. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरचा भाग. पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना सामाईक आकडा. नंतरचा ३ म्हणजे ठिणगी आणि ज्वलनाचा विभाग. शेवटचे ०१ म्हणजे पहिले सिलेंडर.

गाडी असलेल्या कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे. दिवा स्थिर असेल, तर लवकर तपासणी करावी. लुकलुकत असेल, तर गाडी फार दामटू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमार्गातले महागडे कन्व्हर्टर निकामी करते. गॅरेजात गेल्यावर आकडा कागदावर लिहून मागावा आणि “हाच भाग खराब आहे हे कशावरून ठरवलंत?” असे जरूर विचारावे. नुसता आकडा पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोष राहिला, तर दिवा पुन्हा लागतो.

आणि गॅरेजात काम करणाऱ्या आपल्या मुलांना सांगणे आहे. नातेपुते पालखी मार्गावरचे गाव, रस्त्याला गाड्यांची कमी नाही. “कॉम्प्युटर आला, आता आपलं काय?” असे म्हणून मागे सरू नका. पाना धरणारा हात तुमच्याकडे आहेच. स्कॅनर वाचायला शिका. एक वही घाला. गाडी कोणती, आकडा कोणता, दोष कशात निघाला आणि खर्च किती आला, हे रोज लिहा. वर्षभरात ती वही तुम्हाला पुष्कळ शिकवील. आमच्या मिस्त्रींनी त्याच रविवारी अशी वही सुरू केली. रकाने मात्र आम्ही आखून दिले!