तळहातावरील अक्षरे

डोळ्यांनी पाहावे व कानांनी ऐकावे, या दोन वाटांनी आपला बहुतेक लोकव्यवहार चालत असतो. ज्याच्या या दोन्ही वाटा बंद झाल्या, त्याच्याशी बोलावयाचे तर तिसरी वाट उरते. ती स्पर्शाची होय.

हायरोनिमस लॉर्म (१८२१–१९०२) या जर्मनभाषी लेखकांना ती स्वतःच शोधावी लागली. तरुणपणीच त्यांची श्रवणशक्ती गेली आणि पुढे दृष्टीही गेली. तेव्हा त्यांनी तळहाताचीच पाटी केली. अंगठ्याच्या टोकाला स्पर्श म्हणजे ‘आ’, तर्जनीच्या टोकाला ‘ए’, मधल्या बोटाला ‘इ’, अनामिकेला ‘ओ’ व करंगळीला ‘उ’. व्यंजनांसाठी रेघा व ठिपके. तळहातावर वर्तुळ काढले की ‘स’. जर्मन भाषेच्या प्रदेशातील बधिरांध आजही ही लिपी वापरतात.

तथापि या लिपीला एक मोठी मर्यादा आहे. बोलणारा हाताशी हवा आणि त्याला ती लिपी अवगत हवी. घरातील माणूस कामावर गेले की संभाषण खुंटले!

बर्लिनच्या कलाविद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली मांडलेला हातमोजा याच अडचणीवरील उपाय आहे. त्याच्या तळव्याच्या बाजूस दाब ओळखणारे कापडी संवेदक आहेत. मोजा घालणाऱ्याने दुसऱ्या हाताने त्यावर अक्षरे उमटविली की ती बिनतारी मार्गाने त्याच्या मोबाइलमध्ये जातात आणि तेथून लघुसंदेशाच्या रूपाने दूरच्या आप्ताकडे पोहोचतात. उत्तर आले की मोज्याच्या पाठीवरील चिमुकल्या मोटरी क्रमाने थरथरतात व अक्षरामागून अक्षर हातावर उमटते. दूरच्या माणसाला ही लिपी येण्याची गरजच राहत नाही.

या थरथरीत मायेच्या हाताची ऊब नाही, हे खरेच. परंतु स्वतःचा निरोप स्वतः पाठविता येणे, त्यासाठी कोणाचे तोंड पाहावे न लागणे, हे स्वातंत्र्यही लहान नव्हे.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने बधिरांधत्वाची स्पष्ट नोंद घेतली आहे. कायदा हक्क देतो. संवादाचा आरंभ मात्र घरातच व्हावा लागतो. त्यासाठी यंत्राची वाट पाहावयास नको. आईने, भावाने, शेजाऱ्याने ठरावीक खुणा शिकून घेतल्या, तर एका तळहाताएवढ्या जागेतही सारे जग मावू शकते.