पहिल्या वर्षाचं दार

आमच्या घुग्घुसात कॉलेजातल्या कुठल्याही पोट्ट्याला विचारा, "काय सुरू आहे?" उत्तर ठरलेलं... "भरतीची तयारी." म्हणजे पोलीस, नाहीतर अग्निवीर. वाईट काहीच नाही त्यात. कोळशाच्या ट्रकांची धूळ खात पहाटे पळणं सोपं नसतं. पण "अधिकारी का नाही?" असं विचारलं की पोरं हसतात. ते मोठ्या शहरातल्या मुलांचं काम, असं आपण घरीच ठरवून टाकलेलं असतं.

खरं तर दारं बरीच आहेत. सैनिकी शाळेचं सहावीत. आपल्या चंद्रपूरला ती २०१९ मध्ये सुरू झाली. एन.डी.ए.चं बारावीनंतर, २०२२ पासून तिथे मुलीही शिकताहेत. ही दोन्ही हुकली तरी एक दार कॉलेजात असतं, एन.सी.सी.चं. 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत, पदवीला ५० टक्के आणि वय १९ ते २५ असेल, तर लेखी परीक्षा न देता एस.एस.बी.पर्यंत जाता येतं. तिथे पाच दिवस पारख, मग वैद्यकीय तपासणी. निवड झाली तर चेन्नईच्या ओ.टी.ए.मध्ये ४९ आठवडे प्रशिक्षण, महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतनासह.

मेख एकच. 'सी' प्रमाणपत्र एका वर्षात मिळत नाही. आधी 'बी', परेड, शिबिरं, मग 'सी'. म्हणजे नाव पहिल्या वर्षीच घालावं लागतं. शेवटच्या वर्षी कळून उपयोग शून्य!

यावर घरची मंडळी म्हणतील, शिबिरांपायी अभ्यास बुडतो. थोडा बुडतो, खरं आहे. कॉलेजांनी हजेरी आणि प्रॅक्टिकल सांभाळून घ्यायलाच हवं. पण हिशेब मांडून बघा. एस.एस.बी.त बहुतेकजण परत येतात; तरी हातात पदवी असते आणि चार लोकांत उभं राहून बोलायची सवय. नुसत्या भरतीच्या वाटेवर वय निघून गेलं, तर यातलं काय उरतं?

आपल्या पोरांच्या पायांत दम कमी नाही. कमी पडते ती वेळेवर मिळणारी माहिती, आणि "तू साहेब होऊ शकतोस" म्हणणारं घरातलं एखादं माणूस.

तेव्हा काका-मावश्यांनो, यंदा घरात कोणी बारावी झालं असेल, तर प्रवेशाच्या दिवशीच त्याला, तिलाही, एन.सी.सी.च्या सरांकडे पाठवा. जागा मोजक्याच असतात.