मोटारींतील तेलें : केव्हां बदलावीं व दाम किती द्यावें

गेल्या महिन्यांत प्रस्तुत लेखक आपली मोटार वार्षिक सर्व्हिसिंगकरितां एका वितरकाच्या वर्कशॉपांत घेऊन गेला होता. गाडी चार वर्षांची, धांव ३१,००० किलोमीटर, आणि चालण्यांत कसलीही तक्रार नाहीं. तेथील तरुण गृहस्थांनीं मोठ्या आदबीनें चहा दिला, गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि एक छापील यादी हातीं ठेविली. इंजिन ऑईल, त्याचा फिल्टर, ब्रेक ऑईल, गिअर ऑईल, कूलंट, पॉवर स्टिअरिंगचें ऑईल, इंजिन आंतून धुण्याचें औषध, इंधनाच्या वाटा साफ करण्याचें दुसरें औषध. बेरीज चौदा हजारांवर. "काका, एकदां सगळें बदलून टाका, मग दोन वर्षें बघायला नको," असें ते म्हणाले.

लेखकानें गाडीच्या खणांतील माहितीपुस्तिका बाहेर काढली. ती चार वर्षांत एकदांही उघडली नव्हती, हें येथें कबूल केलें पाहिजे. दोघांनीं मिळून तींतील कोष्टक वाचलें. त्याप्रमाणें त्या दिवशीं इंजिन ऑईल व फिल्टर बदलावयाचे होते आणि ब्रेक ऑईलची मुदत भरली होती. गिअर ऑईल व कूलंट यांस अद्याप अवकाश होता. दोन्ही औषधांचा पुस्तिकेंत नामोल्लेखही नव्हता. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची तर मौजच झाली. ह्या गाडीचें स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतें. तेलाची टांकी त्यांत नाहींच! यादी आधींच छापून ठेविलेली होती, ती गाडी पाहून केलेली नव्हती. शेवटीं बिल पांच हजारांच्या आंत आलें, आणि त्या तरुण गृहस्थांनीं तें हसतमुखानें करून दिलें, हेंही सांगितलें पाहिजे.

हा प्रकार ऐकून आमचे एक स्नेही म्हणाले, "सगळे शोरूमवाले लुटारू. मी तर गळेपर्यंत तेलाला हात लावीत नाहीं." ह्या दुसऱ्या टोंकास जाणाऱ्यांचीच संख्या आपल्या तालुक्यांत अधिक आहे अशी लेखकाची समजूत आहे, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच होय. जो सर्व मान्य करितो त्याचे कांहीं हजार जातात. जो कांहींच मान्य करीत नाहीं त्याचें इंजिन जातें. दोघांनींही पुस्तिका वाचलेली नसते.

आपल्या आजोबांच्या पिढीस हा प्रश्न नव्हता. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांव सोडून औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनानजीकच्या माळावर कारखाना वसविला, तेव्हां तेथून निघणारा लोखंडी नांगर हेंच ह्या भागांतील यंत्र. त्याचा फाळ झिजला तर तो डोळ्यांना दिसे, हाताला कळे, आणि शेतकरी नवा फाळ स्वतः बसवी. कोणाच्या शब्दावर विसंबण्याचें कारण नव्हतें. तेलाची झीज मात्र पत्र्याच्या पोटांत होते. ती दिसत नाहीं, म्हणूनच तेथें कोणाच्या तरी शब्दावर विसंबावें लागतें. आणि ज्याच्या शब्दावर आपण विसंबतों तोच तेल विकीत असतो. वितरक स्वभावतः वाईट असतो असा याचा अर्थ नव्हे. नवी गाडी विकून फारसें सुटत नाहीं आणि वर्कशॉपावरच पेढी चालते, ही त्या धंद्याची घडण आहे. ती ध्यानांत घेऊन वागलें म्हणजे झालें.

आतां एकेका तेलाविषयीं पाहूं. इंजिन ऑईल हें केवळ वंगण नव्हे. तें उष्णता वाहून नेतें, जळणाची काजळी आपल्या पोटांत धरून ठेवतें, आणि त्यांत मिसळलेलीं रसायनें आम्लाचा प्रतिकार करतात. हीं रसायनें खर्चीं पडलीं कीं तेल निरुपयोगी होतें, मग तें दिसावयास कसेंही असो. पुष्कळ ठिकाणीं पट्टी ओढून "बघा, किती काळें झालें!" असें दाखविण्याची रीत आहे. डिझेल इंजिनांत नवें तेल थोड्याच तासांत काळें होतें. काजळी धरणें हें त्याचें कामच असल्यामुळें काळेपणा हा कांहीं गुन्ह्याचा पुरावा नव्हे. मुदत ठरवावयाची ती किलोमीटर, महिने किंवा तास यांवरून. पुष्कळशा पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेंत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, असें लिहिलेलें असतें. तेव्हां ज्याची गाडी लग्नाकार्यापुरती निघते व वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाहीं, त्यानेंही वर्षाकांठीं तेल बदलावें. येथें वितरकाचें म्हणणें खरें आहे.

दुसऱ्याही एका ठिकाणीं तो खरा असतो. बहुतेक पुस्तिकांत बारीक अक्षरांत एक कलम असतें, कीं धूळ, ओझें व थोड्या थोड्या अंतराच्या खेपा असतील तर मुदत कमी धरावी. आठवड्यास एकदां सांगलीस जाऊन येणाऱ्या मोटारीस हें कलम लागू नाहीं. परंतु द्राक्षाच्या हंगामांत बागेच्या वाटेनें पेट्या वाहणाऱ्या पिकअपला तें पुरेपूर लागू आहे. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची तर गोष्टच वेगळी. दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याच्या वजनकांट्यापुढें रांगेंत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभा राहिलेला ट्रॅक्टर एकही किलोमीटर चालत नाहीं, तरी त्याचें तेल शिजतच असतें. म्हणून ट्रॅक्टरला तासांचें मीटर दिलेलें असतें. नवा ट्रॅक्टर पन्नास तासांच्या सुमारास पहिल्या सर्व्हिसिंगला न्यावयाचा व पुढें अडीचशें तासांस इंजिन ऑईल बदलावयाचें, असें कित्येक पुस्तिकांत असतें. गिअरबॉक्स व हायड्रॉलिकच्या तेलास साधारण हजार तास दिलेले असतात. आपापली पुस्तिका पाहून आंकडा निश्चित करावा. मीटर बंद पडलें असेल तर तें आधीं दुरुस्त करावें. बंद मीटरच्या ट्रॅक्टरला तेल केव्हां बदलावें, हें ज्योतिष्यालाच विचारावें लागेल.

ब्रेक ऑईल हें नांवाचेंच ऑईल आहे. मोटारींत सर्रास वापरलें जाणारें हें द्रव्य हवेंतील पाणी शोषून घेतें, आणि तेथेंच धोका आहे. 'डॉट ४' जातीचें ताजें द्रव्य निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळतां कामा नये अशी अट आहे. त्यांत चार टक्क्यांच्या आंतबाहेर पाणी शिरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरतांना ब्रेक तापतात, आंतील पाण्याची वाफ होते, आणि पायाखालचें पेडल एकाएकीं मऊ पडतें. गांवांत फिरतांना ह्याचा कांहींच पत्ता लागत नाहीं. कोंकणांत कुटुंबासह उतरणाऱ्यानें पुस्तिकेंतील मुदत, जी बहुधा दोन वर्षांची असते, ती चुकवूं नये. हा खर्च सर्वांत थोडा, आणि टाळला जातो तोच सर्वांत अधिक.

कूलंटविषयीं आपणांस अधिक सांगणें नलगे, कारण क्षार म्हणजे काय हें कृष्णाकांठच्या शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. जें पाणी जमीन क्षारपड करितें तेंच रेडिएटरच्या नळ्यांत थर धरवितें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी ओतूं नये. पुस्तिकेंत सांगितलेलें तयार कूलंट, अथवा शुद्ध पाण्यांत योग्य प्रमाणांत मिसळलेलें कूलंट घालावें. परंतु मुदतीपूर्वीं तें बदलण्याचें कारणही नाहीं. धुण्यापुसण्याचीं औषधें पुस्तिकेंत नसतील तर सरळ नाकारावीं.

आतां लेखकाच्या स्वतःच्या चुकीची हकीकत. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरांत आपल्या नदीकांठच्या गांवांची काय दशा झाली तें वाचकांनीं भोगलेलेंच आहे. लेखकाचा ट्रॅक्टर चिंचेखालीं चाकें बुडून वर पाणी येईतों दोन दिवस उभा होता. पाणी ओसरल्यावर वितरकाच्या मेकॅनिकनें येऊन सांगितलें, कीं चालूं करूं नका. गिअरबॉक्स, मागील ॲक्सल व हायड्रॉलिक येथील सर्व तेल काढून नवें भरा. पुस्तिकेंतील तासांस अजून बराच अवकाश होता. लेखकास वाटलें, पुरांत सांपडलेल्या माणसाच्या खिशांत हा आणखी हात घालीत आहे. त्याला वाटेस लावून ट्रॅक्टर तसाच हंगामभर चालविला. पुढील उन्हाळ्यांत आवाज येऊं लागला म्हणून प्लग काढला, तो दूध घातलेल्या चहासारखा द्रव बाहेर आला. तेलांत पाणी घुसळलें गेलें होतें. बेअरिंगें गंजलीं होतीं. मेकॅनिकनें सांगितलेल्या तेलाच्या किंमतीच्या कित्येक पटींनीं खर्च आला, आणि ऐन मशागतीचे तीन आठवडे भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेले. तो मेकॅनिक खरें बोलत होता. २०२१ च्या जुलैंत पुन्हां पाणी आलें तेव्हां लेखकानें तेलें त्याच आठवड्यांत बदललीं. बुडालेल्या यंत्रास तासांचा व महिन्यांचा हिशेब लागू नाहीं, हें पुस्तिकेंतही असतें. पण सूचनांच्या त्या पानापर्यंत कोण जातो?

दामाविषयीं थोडें. डब्यावरील छापील किंमतींत सर्व कर धरलेले असतात. तिच्यावर पुन्हां कर लावून बिल केलें असेल तर तेथेंच थांबवावें. पिंपांतून काढून दिलेल्या तेलावर छापील किंमत नसते, म्हणून लिटरचा दर आधीं विचारावा व तेलाचें नांव आणि दर्जा बिलावर लिहवून घ्यावा. इंजिनांत तेल किती मावतें तें पुस्तिकेंत असतें. साडेतीन लिटर मावत असतां चार लिटरचे पैसे घेतले, तर उरलेलें अर्धें लिटर डब्यासकट आपलें आहे. मजुरी निराळी मांडलेली असावी. आणि केवळ स्वस्त म्हणून दर्जा सोडूं नये. हल्लीं पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलांत बुडालेले असतात. त्यांत खुल्या पिंपांतील साधें हायड्रॉलिक तेल घातलें म्हणजे ब्रेक कुरकुरूं लागतात व तबकड्या खराब होतात. पुस्तिकेंत लिहिलेल्या दर्जाचें तेल बाजारांतून आणलें तर मात्र कंपनीच्या छापाच्या डब्यासाठीं अधिक पैसे मोजण्याची गरज नाहीं, असें लेखकाचें स्पष्ट मत आहे.

"बाहेर तेल बदललें तर वॉरंटी जाईल," हा धाक सर्वत्र घातला जातो. ह्याविषयीं भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निकाल ठाऊक असावा. सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र कारागिरांस मिळूं न दिल्याबद्दल आयोगानें १४ मोटार-कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच निकालांत, बाहेरच्या कारागिराकडे गाडी नेली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालूं नये, असेंही बजावलें. कंपन्यांनीं त्याविरुद्ध अपिलें केलीं व वाद पुढें चालला. तथापि वारा कोणत्या दिशेचा आहे तें यावरून दिसतें. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काकरितां समिती नेमली, तेव्हां ज्या क्षेत्रांचा विचार करावयाचा त्यांत शेतीचीं यंत्रेंही घातलीं. अमेरिकेंत जानेवारी २०२५ मध्यें तेथील संघीय व्यापार आयोगानें जॉन डिअर ह्या कंपनीवर ट्रॅक्टरदुरुस्ती आपल्याच वितरकांपुरती राखल्याबद्दल दावा लावला. हजार-हजार एकरांच्या धन्यांचेंही दुखणें आपल्यासारखेंच आहे.

इतकें असूनही लेखकाचा सल्ला असा, कीं वॉरंटीच्या काळांत वितरकाकडेच जावें, मात्र पुस्तिकेंत असेल तेवढेंच करून घ्यावें व प्रत्येक पावती जपावी. भांडणाची वेळ आली तर कागदच बोलतो. वॉरंटी संपल्यावर गांवच्या जाणत्या मेकॅनिकला काम द्यावें. पण त्याच्याकडूनही बिल घ्यावें. बिल न देणें ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि आपल्या उपजीविकेकरितां स्वतः यंत्र वापरणारा शेतकरी त्या कायद्याखालीं ग्राहक ठरतो. १९१५ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते व सांगलीस जिल्हा आयोग आहे.

हें सर्व एकट्यादुकट्यानें करण्यापेक्षां आपल्या संघानें हातीं घ्यावें, अशी विनंती आहे. खतें व बियाणें आपण मिळून आणतों, मग इंजिन ऑईल कां आणूं नये? ज्या चार-पांच जातींचे ट्रॅक्टर सभासदांकडे आहेत त्यांच्या पुस्तिकांतील मुदती व तेलांचे दर्जे एका तक्त्यावर लिहून तो संघाच्या कचेरींत लावावा, आणि तालुक्यांतील वितरकांस मजुरीचे दर लेखी मागावे. जे देतील त्यांचीं नांवें ह्याच मासिकांत छापावीं. काढलेलें जुनें तेल बांधावर ओतण्याची किंवा वाळवीसाठीं खांबांना फांसण्याची रीत बंद होऊन तें एका पिंपांत जमा झालें, तर तेंही परवानाधारक पुनर्वापरवाल्यास देतां येईल.

पुढील मासिक सभेस सभासदांनीं गेल्या दोन वर्षांतील सर्व्हिसिंगचीं बिलें आणि आपापली माहितीपुस्तिका बरोबर आणावी. पुस्तिका हरवली असेल त्यांनीं वितरकाकडे दुसरी मागावी. कित्येक कंपन्यांच्या पुस्तिका मोबाईलवरही मिळतात. लेखक आपलीं दोन बिलें आणीलच, पहिली छापील यादीही आणि २०२० सालचें तें बेअरिंगांचेंही.