खाणावळवालीचं नाव कोणत्या मस्टरवर?

मुंबईच्या गिरणगावाची आठवण निघाली की एक ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. भोंगा झाला की लालबाग-परळचे रस्ते माणसांनी भरून जायचे. नाक्यानाक्यावर गप्पांचे अड्डे, गणपतीत लेझीम, शाहिरांचे कार्यक्रम, ‘भारतमाता’ थिएटरबाहेरची गर्दी. नाटक-सिनेमांत हेच, पुरवण्यांतल्या लेखांतही हेच. चित्र खोटं नाही. पण जरा निरखून बघा, त्या रस्त्यावरून चालणारे बहुतेक सगळे पुरुष आहेत. बाई असलीच तर गॅलरीत उभी, नाहीतर नळावर भांडत! माझा आक्षेप आहे तो या चित्राला. कारण तो रस्ता भोंग्याइतकाच बायकांच्या चुलीवर चालत होता.

गिरणीत बायका नव्हत्या असंही नाही. १९२०-३० च्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. वाइंडिंग आणि रीळिंग ही खाती तर बायकांचीच. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेच्या पैशांचा कायदा झाला. रात्रीच्या कामाची बंदी बायकांना होतीच. हे कायदे बायकांच्या भल्याचेच, पण तीन पाळ्यांत हवा तसा फिरवता येणारा पुरुष मालकांना जास्त परवडू लागला. त्यात नवी यंत्रं आली. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीच्या गेटातून आत जाणाऱ्या बायका फारच थोड्या उरल्या. गेटाबाहेरचं काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं.

आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरात कुणी ना कुणी ‘गिरणीत’ होतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर... गावाकडे बायको-पोरं, म्हातारे आईबाप, आणि मुंबईत हा एकटा. एका खोलीत गाववाले दाटीवाटीने राहायचे. एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. झोपायचं असं निभावलं, पण जेवायचं काय? तिथे खाणावळवाली आली. तिला कुणी मावशी म्हणायचं, कुणी वहिनी, कुणी काकी. हॉटेलवाली कुणी म्हणत नसे, कारण पाटी नव्हती, टेबल नव्हतं. दहा बाय बाराची खोली, त्यातच तिचा नवरा, पोरं आणि जेवायला बसलेली पंगत.

तिच्या दिवसाचा हिशेब मांडून बघा. पहिली पाळी सातची, म्हणजे त्याआधी यांचं खाणं आणि डबे तयार हवेत. म्हणजे पहाटेच उठून सामायिक नळावर नंबर लावायचा. रातपाळीवाले सात वाजता सुटून भुकेले दारात येणार. ते जेवून झोपतात तोवर दुपारपाळीवाल्यांचं ताट. दुपारपाळी मध्यरात्री सुटायची, त्यांच्यासाठी झाकून ठेवायचं. दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या रॉकेलच्या स्टोव्हवर नाहीतर कोळशाच्या शेगडीवर! मधल्या वेळात दळण, रेशनची रांग, भाजीबाजार. गिरणीत कामगार बदलत होते, इथे तिन्ही पाळ्यांना बाई एकच.

पैसे महिन्याने, पगार झाला की. तोवर वाण्याची उधारी. उधारीवर माल घेणारीला तोंड वर करून बोलता येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. भाव तो सांगेल तो, तांदूळ तो देईल तो. एखादा बदली कामगार, ज्याला रोज गेटावर उभं राहून काम मिळालं तर मिळालं, त्याचे पैसे दोन-दोन महिने थकायचे. जेवायला नाही म्हणणार कशी? हिशेबाची वही असलीच तर त्यात नावं पुरुषांची.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच अडचणीवर. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेली ही बाई. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, पण बँक तारण मागणार, आणि हिच्याकडे तारण म्हणजे पोळपाट-लाटणं! मग गट करून एकमेकींची हमी देऊन कर्जं मिळवली. आज गावोगावचे बचतगट परस्परांच्या भरवशावर कर्ज काढतात, त्याच्या कितीतरी आधी लालबाग-परळच्या बायकांनी हे करून दाखवलं होतं. त्याआधी १९७२ पासूनच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हातात लाटणी घेऊन मुंबईतल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. म्हणजे बाई रस्त्यावर होती हो, चित्रात तेवढी आली नाही.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. संप लांबत गेला तसे बरेच जण गावी परतले. ते शेतावर राबले, उपाशी राहिले, सगळं खरं. पण ते गेले तेव्हा मागे वहीत राहिलेली बाकी कोण फेडणार होतं? वाण्याचे पैसे तर खाणावळवालीलाच द्यायचे होते. संपाचा खर्च मोजताना या उधारीचा आकडा मी तरी कुठे वाचलेला नाही. कुणी पापड लाटले, कुणी दादर-माटुंग्याला धुणीभांडी धरली, कुणी फूटपाथवर भाजी घेऊन बसली.

पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. १९९१ च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे करायचे ठरलं, २००१ च्या बदलाने ते आक्रसले, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. कामगारांच्या घरांसाठी मोठी लढाई झाली आणि २०१२ पासून म्हाडाच्या सोडती निघू लागल्या. पात्रता काय, तर १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या मस्टरवर नाव हवं. कामगाराला घर मिळायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. अजून अनेकांना मिळालेलं नाही, ही चीडच आहे. पण ज्या बाईने त्या मस्टरवरच्या पंधरा जणांना वीस-वीस वर्षं जेवू घातलं, तिची गिरणी बंद झाली नाही का? कुणाची बायको, कुणाची विधवा म्हणून तिला हक्क सांगता येतो. स्वतःच्या कामाबद्दल मात्र नाही.

गावाकडच्या बाईचंही तेच. मुंबईहून मनिऑर्डर यायची हे सगळे सांगतात. इकडून तांदूळ, कुळीथ, लाल मसाला पाठवून ती मुंबईचा खर्च भागवत होती, हे कोण सांगतं?

हे जुनं उकरायचं कारण आहे. आता आपल्या गावातही रस्ता रुंद होतो, जुना बाजार उठतो, वाडे पडून इमारती होतात. याद्या होतात त्या मालकाच्या, भाडेकरूच्या. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा तरी आहे, सर्वेक्षणात नाव लावून घ्या. पण कॉलेजच्या मुलांना घरातून डबे देणारी, ओट्यावर बसून फॉल-पिको करणारी, तिचं गिऱ्हाईक वस्तीबरोबर उठून जातं आणि कागदावर काहीच घडलेलं नसतं. नगरपालिकेत हरकती मागवतात, तेव्हा चार जणींनी मिळून लेखी अर्ज द्यावा: किती डबे जातात, किती वर्षं, कोणत्या गल्लीतून. पोच घ्यायला विसरू नका.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांना बोलतं करून २००४ मध्ये पुस्तक केलं, म्हणून तिथल्या थोड्या तरी बायकांचं बोलणं टिकलं. तुमच्या घरात मुंबईला राहून आलेली आजी असेल, तर तिला भोंग्याबद्दल नका विचारू. भाकरीमागे किती सुटायचे, ते विचारा. तिला आकडा पाठ असेल.