हौसेचे मोल आणि विम्याचे कलम

दादरा आणि नगर हवेलीतील खानवेल हे साकरतोड नदीकाठचे गाव. सभोवती डोंगर, जंगल आणि वारली, कोकणा आदी आदिवासी समाजांची विखुरलेली वस्ती. गोमंतकीय वाचकाला हा मुलूख परका नाही. १९५४ साली तो पोर्तुगीजांच्या कचाट्यातून मोकळा करणाऱ्यांत आझाद गोमंतक दलाचे तरुणही होते, आणि आजही तेथील खटल्यांची अपिले आपल्याप्रमाणेच मुंबई उच्च न्यायालयाकडे जातात. अशा भागात मोटारसायकल ही चैन नव्हे. सिल्वासाच्या कारखान्यातली पाळी गाठावयाची, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवावयाचे, बाजारहाट करावयाचा, तर दारातली दुचाकी हाच आधार. ती बहुधा कर्जाने घेतलेली असते. म्हणूनच तिच्या विम्याचा प्रश्न हा शौकिनांचा प्रश्न न राहता संसाराचा प्रश्न होतो.

गाडी दारात आली की तिला सजविण्याची हौस उपजतच. कोणी मूळचा सायलेन्सर काढून गडगडाट करणारा बसवितो, कोणी डोळे दिपविणारे दिवे लावतो, कोणी आरसे काढून टाकतो, कोणी मागच्या चाकावरची साडीगार्ड ‘शोभत नाही’ म्हणून उतरवितो. दुसरीकडे पावसापाण्यात सामान नेण्यासाठी कॅरिअर किंवा पेटी बसविणारा गरजवंतही असतो. या दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरुणांच्या हौसेवर कोरडे ओढणे हा आमचा हेतू नाही. या हौसेचे खरे मोल दुकानातल्या पावतीवर नसते, ते विम्याच्या कागदावर असते, आणि तो कागद कोणी वाचत नाही, हे आमचे सांगणे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मनाई करते. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरविलेली मूळ रचना मालकाला बदलता येणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र कायदा सर्वच फेरफारांचा वैरी नाही. अपंग व्यक्तीसाठी वाहन सोयीचे करून घेण्यास त्यात वाव आहे, आणि विम्याच्या २००२ च्या दर-नियमावलीत तर अशा वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट सांगितली होती. गरज आणि नखरा यांतला भेद कायद्यालाही कळतो, एवढाच याचा अर्थ.

आता हप्त्याचा हिशेब. दुचाकीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला, आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचा, म्हणजे तृतीय पक्षाचा. हा सक्तीचा असून त्याचे दर सरकार ठरविते आणि ते इंजिनाच्या क्षमतेवर अवलंबून असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वार्षिक ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये, तर त्यापुढे २,८०४ रुपये आकार होता. इंजिन ‘मोठे’ करून घेणारा तरुण म्हणूनच केवळ वेग वाढवीत नाही; तो नोंदणीतला वर्ग बदलतो आणि हप्ता मात्र जुन्याच वर्गाचा भरतो. ही विमा कंपनीच्या लेखी माहिती लपविणेच होय.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांच्या हाती गेले. परंतु २००२ च्या नियमावलीतला ढाचा बव्हंशी टिकून राहिला. त्यानुसार वेगळ्या बसविलेल्या विजेच्या उपकरणांवर त्यांच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता पडतो. पाच हजारांचे दिवे बसविले तर वर्षाला दोनशे रुपये, इतका हा साधा हिशेब. बिनविजेच्या जोडसामानाची किंमत गाडीच्या विमामूल्यात मिळविली जाते. उलट, मान्यताप्राप्त चोरीविरोधी साधन बसविल्यास अडीच टक्के सूट. म्हणजे कळविण्याचा खर्च थोडा आहे. न कळविण्याचा खर्च कसा असतो ते पाहा.

समजा, एक लाख रुपये किमतीची गाडी तिसऱ्या वर्षात आहे. घसारा तीस टक्के धरून तिचे विमामूल्य सत्तर हजार ठरते. मालकाने दहा हजारांचे जोडसामान बसविले, पण कंपनीला कळविले नाही. गाडी चोरीला गेली तर त्या दहा हजारांचा हिशेबात पत्ता नसतो. केवळ सामान चोरीला गेले आणि गाडी जागेवर राहिली, तर प्रमाणित दुचाकी विम्यात त्याची भरपाई मुळातच नाही. अपघात झाला तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्यावर पन्नास टक्के घसारा वजा होतो. आणि अतिरिक्त दिव्यांसाठी मूळ वायर कापलेली असताना गाडीने पेट घेतला, तर पाहणीसाठी येणारा सर्व्हेअर प्रथम त्या कापलेल्या वायरीकडेच बोट दाखवील. अटींचा भंग झालेल्या दाव्यांत पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केला, हे खरे. पण तो दिलासा भांडून मिळवावा लागतो. तोवर बँकेचा हप्ता थांबत नाही.

यांत सर्वांत गंभीर गोष्ट साडीगार्डची. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागचे निम्मे चाक झाकणारे आवरण असावे असे सांगतो. हे आवरण शोभेचे नव्हे, चाकात पदर किंवा ओढणी अडकू नये म्हणून ते आहे. घरातली आई, बहीण, पत्नी ज्या आसनावर बसते, तिथलेच संरक्षण आपण काढून टाकतो. आणि पुढे काय? केवळ कायद्यापुरता, म्हणजे तृतीय पक्षाचाच विमा असेल, तर मागे विनामोबदला बसलेल्या व्यक्तीच्या इजेची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले. सर्वसमावेशक विम्यात तिला संरक्षण आहे; परंतु तो किती जणांकडे असतो?

येथे आणखी एक गफलत घडते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, परंतु स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. ‘पाच वर्षांचा विमा आहे’ या समजुतीत मालक निर्धास्त राहतो आणि दुसऱ्या वर्षापासून गाडी अर्धी उघडी पडते. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम दुचाकीसाठी पूर्वी एक लाख होती, ती २०१८ साली पंधरा लाख झाली; परवाना वैध नसेल तर तीही हातची जाते.

दोष एकट्या स्वाराचा मानणे सोपे आहे. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे छापून येतात. परंतु तोच सायलेन्सर दुकानाच्या दर्शनी भागात टांगून विकणाऱ्याचे काय? कायद्याने वाहनविक्रेत्यालाही दंडास पात्र ठरविले आहे, तरी सुट्या सामानाचा बाजार बिनघोर चालतो. विमा कंपन्यांचे वर्तनही निर्दोष नाही. हप्ता घेताना कोणी ‘काही जादा बसविले आहे काय?’ असे विचारीत नाही. दावा आला की मात्र एकेका बोल्टची चौकशी होते. पॉलिसी इंग्रजीत, अक्षर बारीक आणि विकणारा घाईत, अशा व्यवहारात खानवेलच्या कामगाराने कलम समजून घ्यावे कसे?

आमच्या मागण्या म्हणूनच साध्या आहेत. हप्ता स्वीकारताना जोडसामानाविषयीचा प्रश्न मराठीत, आणि या प्रदेशात गुजरातीतही, लेखी विचारावा. परिवहन खात्याने कोणते बदल चालतात आणि कोणते नाहीत याची सचित्र यादी प्रत्येक विक्रेत्याच्या व गॅरेजच्या भिंतीवर लावण्यास भाग पाडावे. सिल्वासाच्या अधिकाऱ्यांनी खानवेलच्या आठवडे बाजारी बसून नोंदणी आणि विम्याच्या शंका फेडाव्यात. कामगाराने एक दिवसाची मजुरी बुडवून त्यांच्या दारी जाण्याची अपेक्षा धरू नये. साडीगार्ड नसलेली नवी गाडी शोरूमबाहेर पडताच कामा नये. ज्याचा दावा नाकारला गेला आहे त्याला विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, हेही नकारपत्रातच ठळकपणे सांगावे. दादरा आणि नगर हवेलीसाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे. तक्रार आधी कंपनीकडे करून मग एक वर्षाच्या आत तेथे जावे लागते.

वाचकांनाही आम्ही दोन शब्द सांगू. गोव्यातल्या आपल्या पायलटांकडे पाहा. त्यांची मोटारसायकल भाड्याची म्हणून नोंदलेली असते. उघड नोंद, त्यानुसार हप्ता आणि त्यानुसार हक्क. लपविलेली गोष्ट संकटकाळी कधीच कामी येत नाही. सांगितलेली मात्र येते. खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण गाडी धुऊनपुसून तिला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी विम्याचा कागदही बाहेर काढावा, दोन्ही भागांची मुदत पाहावी, बसविलेले सामान त्यात लिहिले आहे काय ते तपासावे आणि मागच्या चाकावर साडीगार्ड आहे ना, एवढे बघावे. त्या पूजेला तेवढा अर्धा तास जोडणे कोणालाही जड जाऊ नये.